हातमोज्यातला पूल

मित्रांनो, १९९७ साली नदीवरचा जुना झुलता पूल पाडला आणि त्याची आठवण म्हणून टांकसाळीत मला पाडलं. मी प्लॅटिनमचं नाणं आहे. आधीच सांगितलेलं बरं, कारण मला बघणारा प्रत्येक जण म्हणतो, "वा, चांदी छान आहे." ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

माझ्या एका बाजूला तो पूल उठून दिसतो. टांकसाळीतून निघताना मला गोल पारदर्शक डबीत बंद केलं. मला वाटलं, प्रवासापुरतं असेल. कसलं काय.

मला एका घड्याळदुरुस्तीवाल्याने घेतलं. नाणी जमवणाऱ्यांची रीत अशी, की नाण्याला बोट लावायचं नाही. पांढरे सुती हातमोजे घालायचे, कडेला धरायचं, श्वाससुद्धा बाजूला सोडायचा. हा तर डबीसुद्धा हातमोजे घालूनच उचलायचा. रविवारी भिंगातून बघायचा, की पुन्हा कपाटात. नाण्याच्या जन्माला येऊन मी एक पेन्सिलसुद्धा विकत घेतली नाही.

त्याची थोरली बहीण तरुणपणी तो पूल बांधणाऱ्या कचेरीत नकाशे काढायची. अख्ख्या पुलाच्या रेघा तिच्या हातच्या. काही वर्षांनी काचबिंदूने तिची नजर जात चालली. एका दुपारी ती आली आणि म्हणाली, "फोटो सपाट असतात रे. तुझ्या नाण्यावरचा पूल एकदा बोटांनी बघू दे."

घड्याळवाल्याचा चेहरा पडला. बराच विचार करून त्याने डबी उघडली आणि काय केलं असेल? ताईच्या हातात हातमोजे दिले.

तिने ते घालून मला चाचपलं. "अरे शहाण्या, मला पूल लागतोय की कापूस?"

"ताई, ठसा उमटतो गं. मग जात नाही."

"नाही गेला तर बरंच. कचेरीच्या नकाशांवर नाव राहिलं नाही, इथे अंगठा तरी राहील."

आतून त्याची बायको म्हणाली, "अहो, मला कधी इतकं जपलं नाहीत."

मग त्यानेच ताईचे हातमोजे उतरवले. तिचा अंगठा माझ्यावरून हळूहळू फिरला. माणसाच्या हाताची ऊब मला तेव्हा पहिल्यांदा कळली.

"पुलावरचे दिवेसुद्धा घेतलेत की. कधी बोलला नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"मला दिसत होतं, तेव्हा तू दाखवलं नाहीस."

मला परत घेताना त्याचा हात सवयीने पुसायच्या मखमली फडक्याकडे गेला, आणि तिथेच थांबला.

पुढे ताईची दृष्टी पूर्ण गेली. तरी शेवटपर्यंत ती भावाकडे आली, की चहाआधी मला मागायची. तिच्यामागून घड्याळवालाही गेला. त्याच्या बायकोने दुकान विकलं आणि ती लेकीकडे राहायला गेली. मी आता एका व्यापाऱ्याच्या काउंटरवर आहे. तो गिऱ्हाइकांना सांगतो, "माल चांगला आहे, पण डागी."

मित्रांनो, वस्तू जरूर जपा, पण ज्याला ती बघायची आहे त्याच्या हातात वेळेवर द्या. आणि तुमच्यापैकी कुणी मला घेतलंच, तर कृपा करून पुसू नका.