‘काहून’च्या जागी ‘अजून’

बी.फार्म.च्या पहिल्याच तोंडी परीक्षेत मी सरांना म्हणाले, “मले नाही माहीत.” मागे कोणीतरी खिदळलं. उत्तर आलं नाही याचं काही नव्हतं, अर्ध्या वर्गाला ते येत नव्हतं. लाज वाटली ती ‘मले’ची. त्या दिवसापासून मी जीभ घासायला घेतली, पितळेची भांडी घासतात तशी.

नंदनवन वस्तीतल्या खोलीवर माझ्यासोबत भावना राहायची. ती नाशिकची. बोलणं छापील, पण मनानं मोकळी. तिच्यासमोर ‘ले’ येऊ नये म्हणून मी इतकी जपायचे की दिवस संपेपर्यंत जबडा दुखायचा. अन्न गोड लागेना, पुस्तक उघडलं की अक्षरं नाचायची. मायला मात्र फोनवर ‘बरं आहे’ एवढंच सांगायचे.

मग एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना रोवणीचं गाणं आपसूक तोंडात आलं. रामटेकजवळच्या आमच्या गावात बायका बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, चिखलात वाकून धानाची रोपं, पऱ्हे रोवतात आणि एकेक पाऊल मागं सरकत जातात. तेव्हा गाणं उचलायची माझी माय, गोपिका. बाकीच्या तिच्यामागं म्हणायच्या. लहानपणी मी बांधावर बसून ते ऐकायचे. त्या संध्याकाळी मी तीनदा गायले आणि खाली येऊन सरळ अभ्यासाला बसले. मग ते रोजचंच झालं. गायलं की वाचलेलं डोक्यात शिरायचं. दुसऱ्या सत्रात सगळे विषय निघाले. मला त्या गाण्यानं पायावर उभं केलं, हे मी कोणालाही सांगेन. निदान तेव्हाच सांगायला हवं होतं.

भावनानं एकदा चोरून ऐकलं आणि परस्पर स्नेहसंमेलनात माझं नाव देऊन टाकलं. गाणं असं होतं:

पऱ्हे गेले गा संपून, बांधी झाली रोवून,
मले न्यायले माहा भाऊ आला नाही काहून?

गच्चीवर ठीक होतं, पण हे स्टेजवर? मी वही घेऊन बसले. ‘मले न्यायले’चं ‘मला न्यायला’ केलं, ‘माहा’चं ‘माझा’ केलं आणि ‘का’ विचारणाऱ्या ‘काहून’च्या जागी ‘अजून’ घातलं. यमकही जुळलं! मी स्वतःवरच खूश. निवेदनासाठी भावनानं विचारलं, “गाणं कुठून मिळालं?” मी म्हणाले, “आमच्या शेतावर रोवणीला एक बाई येते, तिच्याकडून.”

आमचं शेत! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. घरामागं वांग्याची चार झाडं, एवढंच आमचं शेत. रोवणीला जाते माझी माय, दुसऱ्यांच्या बांध्यांत. पण तोंडातून निघून गेलं ते गेलं. भावनानं ते कागदावर लिहूनही घेतलं.

माय रविवारी नवे तांदूळ घेऊन येणार होती. ती शनिवारीच आली. खोलीवर कुलूप पाहून विचारत विचारत थेट कॉलेजच्या सभागृहात पोचली. मला हे कुठं ठाऊक! भावनानं माइकवर माझं नाव घेतलं, शेताचं सांगितलं, त्या मजूर बाईचं सांगितलं. मी हसतमुखानं गायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीवर मला ती दिसली. शेवटच्या रांगेत, हिरवं लुगडं, मांडीवर थैली. ‘आला नाही अजून’ मी तिच्याकडं न बघता म्हटलं. टाळ्या पडल्या. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं.

उतरून तिच्याजवळ गेले. ती उठून उभी राहिली. तेवढ्यात भावना आलीच.

“दामिनी, काय गायलीस गं! आणि ह्या कोण?”

मी तोंड उघडलं. भावना वाट बघत होती, आणि मी नुसती उभी.

“मीच थे बाई,” माय म्हणाली. “रोवणीवाली. इच्या मायनं तांदूळ धाडले, थेच घेऊन आलो.”

“अय्या! मावशी, म्हणजे गाणं तुमचं?” भावनानं तिचे दोन्ही हात धरले. “दामिनी, वेडी आहेस का? स्टेजवर नाही का बोलवायचं ह्यांना? मावशी, कसं वाटलं हिचं गाणं?”

“गळा गोड आहे पोरीचा,” माय म्हणाली. “पण थे ‘अजून’ नाही, ‘काहून’ आहे. ‘का’ लांब ओढा लागते, थेवढ्यात पाय मांगं जाते. ‘अजून’मंदी पाय टाकाले जागाच नाही.”

ती रागावली नव्हती, टोमणाही नव्हता. चुकीचा रोवलेला पऱ्हा ती जशी नीट करून दाखवते, तसंच सांगत होती. म्हणूनच मला ते जास्त लागलं.

“तुम्हाला मुलंबाळं, मावशी?”

“एक पोरगी आहे. शिकून राहिली.”

“तिला येतं का हे गाणं?”

“येते ना. माह्याहून चांगलं म्हणते.” माय थैलीचा बंद आवळत म्हणाली, “पण थे लोकाईसमोर नाही म्हणत.”

भावना हळहळली. मी खाली बघत होते. एक शब्द पुरला असता. ‘माय’ म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. भावना फार तर दोन दिवस रुसली असती. हे मला तेव्हाही कळत होतं.

“अगं, बघत काय उभी राहिलीस? त्यांना पाणी तरी दे,” भावना म्हणाली.

मी पेला भरून आणला. भावना शेजारीच होती. मी पेला पुढं केला आणि म्हणाले, “पाणी घ्या.”

घ्या! जिच्याशी जन्मभर अगं-तुगं करत भांडले, जिच्या कुशीत झोपले, तिला मी ‘घ्या’ म्हणाले.

मायनं सगळं पाणी पिऊन घेतलं. पदरानं तोंड पुसलं आणि पेला माझ्या हातात परत दिला.

“सुखी राहा, बाई,” ती म्हणाली.