दोघांचं मिळून एकशे पंच्याण्णव

*पावती*
*गाडी नंबर: नाही*
*माल: नवरा-बायको*
*भरलेलं वजन: १९५ किलो*
*रिकामं वजन: —*

पावती फकिरानं काढली. फकिरा हा गंगापूरकडचा ट्रक ड्रायव्हर. काट्याच्या खोलीतल्या खुर्चीवर बसायची त्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळं "माल" या रकान्यात काय लिहायचं हे त्यानं स्वतःच ठरवलं.

एरवी त्या खुर्चीवर सांडू असायचा. चितेगावच्या वजनकाट्यावर त्याला अकरा वर्षं झाली होती. पैठण रोडला लागून जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी पाट, बाजूला काचेची खोली, वर लाल आकड्यांची पाटी. ट्रक पाटावर चढतो, आकडा थरथरतो, थांबतो, सांडू पावती काढतो. ऑक्टोबरातल्या त्या रविवारी मात्र पाटाच्या मधोमध सांडू आणि त्याची बायको मंजुषा उभे होते. बावीस चाकी ट्रक मावतो त्या जागेत दोघं खेटून, फोटोला उभे राहिल्यासारखे.

"येगयेगळं करू का, वहिनी?" फकिरा खिडकीतून ओरडला.

"खबरदार!"

मंजुषाची अटच होती. आपण दोघांनी वजन कमी करायचं, पण मोजायचं एकत्र. तिचं वजन लग्नाआधीच्या एका काट्याला ठाऊक होतं आणि तो काटा आता बंद पडला होता.

"एकत्र कसं कळायचं कुणाचं किती उतरलं ते?" सांडूनं विचारलं होतं.

"कशाला कळायला पायजे? घर एक, चूल एक, आकडा एक."

डॉक्टरांच्या खोलीत, आठ दिवसांपूर्वी:

"साखर काठावर आहे. प्रेशर काठाच्या पलीकडं. वडील आहेत?"

"नाय. अटॅक आला."

"कितव्या वर्षी?"

"चव्वेचाळीस."

"आणि तुम्ही?"

"त्रेचाळीस चालूय."

"मग वर्ष आहे की आपल्याकडं," डॉक्टर म्हणाले आणि हसले. सांडूही हसला. मंजुषा हसली नाही. तिनं पर्समधून वही काढली आणि विचारलं, "किती किलो?"

"यांचे दहा. सहा महिन्यांत. आणि घरात एकट्या माणसाचं पथ्य टिकत नाही बरं का, दोघांनी मिळून करा."

मंजुषानं दहा लिहिलं. खाली दोन रेघा ओढल्या.

हर्सूल तलावाच्या कडेनं सकाळी साडेपाचला चालायला लागायचं म्हणजे आधी उठायचं, उठायच्या आधी गजर बंद करायचा, गजर बंद करायच्या आधी मंजुषाचा हात आपल्या हाताच्या आधी तिथं पोचलाय हे कळायचं, मग बूट, मग एक मोजा सापडायचा नाही, मग मोजा नसताना, मग पहिला बाक, "बसू का?", "नाय", दुसरा बाक, "आता?", "नाय", मग एक पंचाहत्तर वर्षांचे आजोबा दोघांना ओलांडून पुढं जायचे आणि जाताना म्हणायचे, "छान! नवीन दिसता!", मग परत येताना तेच आजोबा समोरून, "छान!", मग घर, मग ज्वारीची एक भाकर, मेथीची भाजी, काकडी आणि वर पुन्हा काकडी.

*पावती. नोव्हेंबर. माल: नवरा-बायको (कमी केलेले). भरलेलं वजन: १९० किलो.*

हा काटा पाच किलोच्या आत काही बोलत नाही. त्यामुळं पाच उतरले म्हणजे उतरलेच. सांडूनं पावती शर्टाच्या खिशात घातली आणि दिवसभर येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला दाखवली. ड्रायव्हरांनी त्याचं अभिनंदन केलं आणि चहा पाजला.

आता चहाचं सांगायला पाहिजे.

काट्यावरच्या माणसाला ड्रायव्हर चहा पाजतो, हा रिवाज. तो माणूस चहा घेतो, हाही रिवाज. त्यानं नको म्हटलं की ड्रायव्हरच्या डोक्यात किडा वळवळतो: यानं दुसऱ्या पार्टीचा चहा घेतलेला दिसतोय, आपलं वजन मारणार हा. सांडूच्या आधीचा काटेवाला पित्तामुळं चहा सोडून बसला होता. तीन महिन्यांत गाड्या पलीकडच्या काट्यावर जायला लागल्या.

म्हणून सांडू चहा घ्यायचा. दोन चमचे साखरेचा. चहाबरोबर काही आलं तर तेही घ्यायचा, कारण अर्धा रिवाज पाळून काय उपयोग?

"आवो, आज काय खाल्लं?" संध्याकाळी मंजुषा विचारायची.

"डबा."

"आन?"

"डबाच की."

"भजी?"

"भजी कोण देतंय मला."

(नऊ चहा. मिरची भज्यांची एक प्लेट, मग अर्धी. फकिरानं गुऱ्हाळावरून आणलेला गरम गूळ, कागदावर, बोटानं.)

"चांगलंय," मंजुषा म्हणायची आणि शिलाई मशिनवर बसायची. ती शाळेचे गणवेश शिवायची. हर्सूलमधल्या निम्म्या पोरांची कंबर तिला तोंडपाठ होती.

*डिसेंबर: १८५.*

*जानेवारी: १८५.* (संक्रांत, म्हणाले दोघं. तीळ.)

*फेब्रुवारी: १८०.*

"पंधरा किलो!" फकिरा म्हणाला. "साहेब, एवढ्या मालाची चोरी झाली असती तर पोलीस आले असते."

सांडू हसला. त्या रात्री त्यानं मंजुषाला विचारलं, "तू लई बारीक झालीस, नाय?"

"तुम्ही बी की."

हे ऐकायला बरं वाटलं. त्यानं आरशात एका बाजूनं बघितलं. मग श्वास आत ओढून बघितलं.

मार्चचा पहिला रविवार. तलाव. पहिला बाक गेला, दुसरा गेला. मंजुषा पुढं होती, सांडू मागं. तिसऱ्या बाकाशी ती थांबली, बाकाला हात लावायला गेली, हात लागला नाही आणि ती खालीच बसली, पायवाटेवर.

"काय झालं?"

"काय नाय. चप्पल."

"तुझ्या पायात बूट हायेत."

तिनं पायाकडं बघितलं. ओठ पांढरे. तिनं कपाळावरचा घाम पुसायला हात वर केला तशा बांगड्या घसरत पार कोपरापर्यंत गेल्या. सांडूनं त्या बांगड्या अठरा वर्षं मनगटावर बघितल्या होत्या.

"काल रात्री काय खाल्लंस?"

"तुमच्यासंगंच तर बसले."

बसली होती. वाढत होती, बोलत होती, भाजीत मीठ बरोबर हाय का विचारत होती. तिच्या ताटात काय होतं, हे सांडूला आठवेना. परवाचंही आठवेना.

"मंजू. काय खाल्लंस?"

"काकडी."

"आन?"

"काकडीच की."

ही उत्तर द्यायची पद्धत त्याच्या ओळखीची होती.

तो तिच्याशेजारी मातीत बसला. मागून ते आजोबा आले, "छान!" म्हणता म्हणता थांबले, खिशातून एक केळं काढून सांडूच्या हातात दिलं आणि काही न विचारता पुढं गेले. मंजुषानं निम्मं खाल्लं. सांडूनं बाकीचं तिच्या तोंडासमोर धरलं.

"बेचाळीस," ती एकदम म्हणाली.

"काय?"

"तुमची कंबर. दिवाळीच्या आधी बेचाळीस, आज बी बेचाळीस. तुमच्या प्यांटी मीच शिवते ना?"

त्याचा हात कमरेच्या पट्ट्याकडं गेला.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय, तुम्ही डबाच म्हणला असता. मला वाटलं, आकडा खाली गेला की तुम्हाला हुरूप येईल. बंद पडलेल्या गाडीला पयला धक्का कुणीतरी द्यावाच लागतो. म्हणलं, पाच किलो मी ढकलते, मग होईल चालू."

"मग?"

"झाली नाय चालू. मग ढकलतच राहिले." ती तलावाकडं बघत होती. "आवो, येत्या जूनमंदी तुम्हाला चव्वेचाळीस लागतंय. मला दुसरं काय सुचंना."

त्यानं केळ्याची साल घडी करून खिशात ठेवली.

ड्रायव्हरांची एक जुनी युक्ती आहे. रिकामा ट्रक मोजताना केबिनमध्ये तीन माणसं बसवायची, भरलेला मोजताना उतरवायची, किंवा उलटं, जसा फायदा असेल तसं. सांडूचा अकरा वर्षांचा धंदा म्हणजे खिडकीतून हेच ओरडणं: खाली उतर. सगळे उतरा. नुसती गाडी पायजे मला.

त्या दिवशी दुपारी फकिरा खुर्चीवर बसला, दोघं पाटावर चढले. लाल आकडे थरथरले. १८०. पाटामागं तीन ट्रक रांगेत, ड्रायव्हर दारं उघडून बघत उभे, कारण आता हा महिन्याचा तमाशाच झाला होता.

"उतर," सांडू म्हणाला.

"काय?"

"खाली उतर, मंजू. तुझा आकडा कुणी बघणार नाय. माझा बघू."

ती उतरली. आकडा हलला. थांबला.

१०५.

कुणाला तरी हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात दडवलं. वजाबाकी अवघड नव्हती. पण मंजुषाकडं बघायची कुणाची हिंमत नव्हती.

"साहेब," फकिरा खिडकीतून म्हणाला, "काटा सरकलाय का?"

"काटा बरोबर हाय. माल खोटा व्हता. काढ पावती."

"मालात काय लिहू?"

"माझं नाव लिही. नुसतं माझं."

मग तो रांगेतल्या ट्रकांकडं वळला. पाटावरूनच, शंभर टनांचं वजन करायच्या आवाजात:

"ऐका रे! आजपासून सांडू फिक्का चहा घेणार, बिनसाखरेचा. रोज एक. भजी नाय, गूळ नाय. कुणाला वाटलं काटा फिरला, त्यानं पलीकडच्या काट्यावर जाऊन खात्री करून यावी. फरक निघाला तर ट्रकभर गूळ खाईन, इथं बसून."

"गूळ कशाला, साहेब," मागचा एक ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी खातील की तुम्हाला."

सोमवारी, टीव्ही सेंटर चौकातल्या दवाखान्यात, डॉक्टरांनी फेब्रुवारीची पावती हातात घेतली. "वा! दोघांचे पंधरा!"

"नाय, डॉक्टर," सांडू म्हणाला. "पंधराच्या पंधरा हिचे. माझा शून्य. पाच महिने मी खोटं बोललो आणि ही उपाशी राहिली." त्यानं कालची पावती पुढं ठेवली.

डॉक्टर या वेळी हसले नाहीत. त्यांनी सांडूला एक गोळी लिहून दिली, रक्त तपासायला सांगितलं आणि मंजुषाला दोन वेळचं पूर्ण जेवण लिहून दिलं, औषधासारखं, सकाळ-संध्याकाळ अशा खुणा करून.

"सहा महिने मी आजपासून धरतो," ते म्हणाले. "मागचं सोडा. पण पुढच्या वेळी एकेकटे चढा."

बाहेर आल्यावर मंजुषा स्कूटीवर बसली. सांडू मागं बसायला गेला. तिनं स्कूटी दोन हात पुढं नेली.

"आगं!"

"तीन किलोमीटर हाय घर. चालत या."

"ऊन बघ की!"

"टोपी घाला." आणि ती गेली. वळणावर एकदा मागं बघितलं, पण थांबली नाही.

सांडू चालायला लागला. पहिल्या चौकात रसवंती होती, घुंगरं वाजत होती. तो रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालला. दुसऱ्या चौकात वड्यांची कढई. परत अलीकडं. असा नागमोडी चालत निम्म्या रस्त्यात आल्यावर बगला भिजल्या, टाच दुखायला लागली. त्यानं फोन लावला.

"हं," मंजुषाचा आवाज. तोंड भरलेलं.

"काय खातीस?"

"पोहे."

"किती?"

"डिशभर." मग चावण्याचा आवाज. "शेंगदाणे घातलेत."

"आणखी घे."

"घेते. तुम्ही कुठंपर्यंत आलात?"

"येतोय. फोन ठेवू नको."

"मी खाताना ऐकत बसणार का तुम्ही?"

"व्हय."

"येडेच हाव तुम्ही," ती म्हणाली, पण फोन ठेवला नाही. ताटलीवर चमचा वाजत राहिला. सांडूनं फोन कानाशी दाबून धरला आणि टाच दुखत होती तरी जरा भरभर पावलं टाकायला लागला.