बशी, छत्री आणि ती निळी

मित्रांनो, जरा बेतानं जवळ या. मी एक जुनी गूजबेरी आहे आणि माझे काटे माझ्याहून तापट आहेत.

यॉर्कशरमधल्या आमच्या खेड्याबाहेर मळ्याचे तुकडे भाड्यानं मिळतात. सिरिलच्या तुकड्यात त्याच्या वडिलांनी माझी काडी खोवली होती. आमच्याकडे दर ऑगस्टात सर्वांत वजनदार गूजबेरीची स्पर्धा भरते. तिच्यासाठी सिरिल माझी मोजकी फळं ठेवून बाकीची खुडून टाकी. ठेवलेल्या फळांखाली पाण्याची बशी मांडी. टोक पाण्याला टेकलं की फळ तान्ह्या बाळासारखं पीत राही. वर छत्री बांधी, कारण जोराच्या पावसात फुगलेलं फळ फुटतं. एके वर्षी माझं फळ इतकं भरलं, की तराजूचं दुसरं पारडं छताला टेकलं आणि परीक्षक वजनं ठेवायला शिडीवर चढला. खोटं वाटतं? शिडी अजून तिथंच आहे, तिला विचारा.

असं सुखात चाललं असताना सिरिलची बायको मेव्हिस एक हनीबेरी घेऊन आली. म्हणे, थेट सैबेरियातली! निळी, लांबट फळं देणारी. लावली कुठं, तर अगदी माझ्या कुशीत. मऊ पानांची, बिनकाट्याची, आल्यागेल्यानं कुरवाळावी अशी. मेली सवत!

दुपारच्या उन्हात तिची पानं करपायला लागली, तर सिरिलनं माझी छत्री सोडून तिच्यावर बांधली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाऊस कोसळला आणि माझं सर्वांत मोठं फळ फटकन फुटलं. बक्षीस गेलं वाटेपलीकडच्या नोराला. सिरिल माझ्याकडे बघून म्हणाला, "सालच पातळ झालीय म्हातारीची." छत्रीचं नाव नाही! त्यानं माझी बशीही उचलली.

मला एकच समाधान होतं. निळीला दरवर्षी फुलं येत, फळ मात्र एक नाही. नोरा वाटेवरून टोचायची, "काय रे सिरिल, तुझी महाराणी यंदाही नुसती नटूनच बसणार का?" मी मनात म्हणायची, बसू दे जन्मभर.

माझं हे हसू माझ्याच मुळावर आलं. यंदा जूनमध्ये सिरिल कुंडीतलं एक रोप आणि खणायचा काटा घेऊन आला.

"रोपवाल्यानं सांगितलं, निळीला शेजारी दुसऱ्या जातीची हनीबेरी लागते. एकटीला फळ धरत नाही."

"मग लावणार कुठं?" मेव्हिसनं विचारलं.

"हिच्या जागेवर." आणि त्यानं काटा माझ्या मुळाशी रोवला.

"अरे, तुझ्या बाबांनी लावलेली आहे ती!"

"बाबांनी लावली म्हणून काय पुजायची? बाजूला हो, निळीची फांदी तुटेल."

मेव्हिसनं ती फांदी उचलून धरली आणि तशीच थांबली. पानांच्या खाली निळ्या फळांचे लोंगर लोंबत होते.

"सिरिल, ही धरलीय की रे! शेजारीणच नाही, मग कशी धरली?"

वाटेपलीकडे नोरा एकाएकी पाण्याच्या पिंपापुढे वाट अडवून उभी राहिली. सिरिल तरातरा गेला. पिंपामागे गोणपाटाच्या आडोशाला एक हनीबेरी होती. दुसऱ्या जातीची.

"चोरून लावलीस!"

"चोरून कसली? पैसे मोजून आणली. तुझ्याकडे आहे म्हटल्यावर मला घास गोड लागेना."

"आणि वर मलाच टोमणे मारत होतीस?"

"मग काय आरती ओवाळू? माझी यंदा पहिल्यांदाच फुलली."

मेव्हिस हसून हसून वाफ्यातच बसली. "तुम्ही दोघं जळत राहिलात आणि भुंग्यांनी परस्पर सोयरीक जमवली!" तिनं ती कुंडी नोराच्या हातात दिली. "घे बाई. ही उघड्यावर लाव."

सिरिल परत आला. त्यानं काटा उपसला आणि सैल झालेली माती पायानं माझ्याभोवती दाबली. उगाचच खाकरला. मग छपरीतून माझी बशी शोधून आणली, कोळ्याचं जाळं पुसलं आणि पाणी भरून माझ्या सर्वांत मोठ्या फळाखाली ठेवली. निळीसाठी मेव्हिसनं दुसरी छत्री आणली आणि माझी मला परत मिळाली.

मित्रांनो, नवं जरूर आणा, हौसेनं वाढवा. फक्त त्याच्यासाठी जुन्याखालची बशी काढू नका.

ती निळी अजून माझ्या डोळ्यांत खुपते, हे आहेच. पाखरं तिच्या फळांवर उतरली, की माझी एक फांदी काटे पुढे करून तिच्यावर झुकते. राखण वगैरे काही नाही हं. आमच्याकडे वाराच तसा आहे.