तीन आठवडे आधी

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस नुसत्या बघण्याने ब्रेकवर विश्वास ठेवत नाही. भार टाकायचा आणि थांबतो का बघायचं. आमच्या लिफ्टवाल्याने हीच सवय स्वतःच्या पोटावर चालवली, आणि तिथेच फसला.

त्याच्या पोटाच्या कातडीखाली डॉक्टरांनी दारू सोडवायच्या औषधाच्या वड्या बसवल्या होत्या. "या काढाव्या लागत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "आपोआप विरघळतात. सहा महिने रोज थोडं थोडं औषध सुटत राहील. दारूतली मजा जाईल." बायकोने तिथल्या तिथे आपलीही अट घातली: यापुढे एक थेंब जरी प्यायलात, तर मी लेकीला घेऊन भावाकडे. मेहुण्याने एक खोली रिकामी करूनच ठेवली. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, यावर त्याचा गाढ विश्वास होता.

दर शनिवारी लिफ्टवाला वर्कशॉपमध्ये दोन घोट घेऊन बघायचा. नुसतं कडू पाणी. मग बडीशेप चघळत खुशीत घरी यायचा. पाच महिने असे गेले. मग एका शनिवारी दुसरा घोट घशाखाली उतरला आणि जुना मित्र भेटावा तसं अंग सैल झालं.

मुदतीला अजून तीन आठवडे होते. औषध संपलं होतं आणि हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. सांगावं, तर कसं कळलं तेही सांगावं लागणार. सांगू नये, तर एकवीस दिवस काढायचे, आणि तो स्वतःला चांगलाच ओळखून होता. इकडे आड, तिकडे विहीर. रविवारभर अळीमिळी गुपचिळी. सोमवारी सकाळी मात्र त्याला राहवेना.

"औषध संपलंय."

बायको लेकीचा डबा भरत होती. "अजून तीन आठवडे आहेत."

"संपलंय गं."

"तुम्हाला कसं कळलं?"

तिने डब्याचं झाकण नीट दाबून लावलं.

"किती?"

"दोन घोट."

"तुमचे दोन म्हणजे आठ."

"दोनच. दर शनिवारी घ्यायचो, औषध चालतंय का बघायला. काहीच वाटायचं नाही. परवा गोड लागली."

"मग?"

"मग ग्लास खाली ठेवला."

बारा वर्षांत पकडलं जाण्याआधी त्याने काही कबूल केल्याची ही पहिलीच वेळ. तिला राग आला, रडू आलं, आणि एवढ्यातही त्याच्याबद्दल माया वाटली याचा आणखी राग आला. तिने भावाला फोन लावला. लिफ्टवाला मान खाली घालून उभा राहिला.

"दादा," ती म्हणाली, "आज तुझ्या भाचीला शाळेतून तू आण. आम्हा दोघांना दवाखान्यात जायचंय."