खोक्यावरची पाच मिनिटं

मी एक जुना लाकडी खोका आहे, मित्रांनो. नाक मुरडू नका. या कारखान्यात आलो तेव्हा माझा थाट बघायला हवा होता तुम्ही! जाड फळ्या, लांब खिळे, कडेला लोखंडी पट्ट्या आणि पोटात नवीकोरी मोटर. चौघांनी मिळून मला ट्रकमधून उतरवलं. मोटर बाहेर काढली आणि मला कुणी विचारेना. महिनाभर भिंतीशी उपडा पडून होतो. फळ्या सुट्या करून जाळून टाका, असंही कुणीतरी म्हणालं होतं.

पण आमचे सुपरवायझर उंचीने बेताचे. रोज सकाळी मशीनं सुरू करण्याआधी सगळ्यांनी जमायचं आणि काम करताना काय सांभाळायचं ते पाच मिनिटं ऐकायचं, अशी इथली पद्धत. मागच्यांना साहेब दिसेनात. एक दिवस ते माझ्यावर चढले आणि माझ्या जन्माचं सार्थक झालं. पुढे त्यांनी कामगारांनाही आळीपाळीने बोलायला लावलं. स्टोअरकीपर चढले की उतरायचं नाव घेत नाहीत. इलेक्ट्रिशियन तर गेली कित्येक वर्षं ओल्या हाताने बटण दाबू नका, एवढंच सांगतो. चेहऱ्यावर कितीही ऐट असू दे, गुडघे मात्र माझ्याशी कधी खोटं बोलत नाहीत.

प्रेस मशीनवरच्या ताईचे गुडघे मी पहिल्यांदा अनुभवले, तेव्हा माझे खिळे वाजले हो! पत्रा दाबून डब्यांची झाकणं बनवायचं तिचं काम. हात असा चालतो की बघत राहावं. पण त्या दिवशी "नमस्कार... म्हणजे... सगळे सांभाळून..." एवढंच म्हणाली आणि खाली उतरली.

"ताई, भाषण झकास! मुद्देसूद!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले, तीही हसली. दुपारी मात्र माझ्यावर बसून मैत्रिणीला म्हणाली, "मशीन बंद झालं ना, की माझाच आवाज मला परका वाटतो गं. दिवसभर ओरडून बोलायची सवय. शांततेत नुसती बोबडी वळते."

त्यानंतर सहा महिने ती माझ्याकडे फिरकली नाही. तिची पाळी आली की तिला नेमकं दुसरं काम निघायचं.

एक दिवस तिला शेजारच्या प्रेसवर काळी टेप दिसली. त्या मशीनला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. तिथे डावं बटण टेपने दाबून बसवलं होतं. एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण दाबायचं. काम भराभर होतं. आणि त्या मशीनवर होते मामा, ताईला हे काम शिकवणारे.

"मामा, काढा ती टेप," ती हळूच म्हणाली.

मामांनी दोन्ही पंजे तिच्यासमोर धरले. "मोज. दहाच्या दहा आहेत. तू मला शिकवतेस होय?"

ती साहेबांकडे गेली. ते वैतागले होते. "मी सांगितलं की काढतात, माझी पाठ फिरली की परत लावतात. आता तर त्यांचं बघून आणखी दोघं लावायला लागलेत. तूच बोल उद्या. तुझं ऐकतील."

"मी? चारचौघांत? मामांबद्दल?" बिचारीच्या तोंडचं पाणी पळालं. पण नाही म्हणाली नाही. त्या दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, ती कागद घेऊन माझ्यावर चार वेळा चढली आणि चार वेळा उतरली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फारच शहाणपणा केला. ती यायच्या आत सगळ्यांना बजावलं, "ताई घाबरते. कुणीही तिच्याकडे बघायचं नाही." झालं! ती वर चढली, तर चाळीस माणसं माना खाली घालून उभी. शोकसभाच जणू! तिने कागद उलगडला आणि परत त्याची घडी घातली. तिने एक पाय खाली टाकलासुद्धा.

मग एकदम म्हणाली, "साहेब, प्रेसची मोटर चालू करा. नुसती मोटर."

मोटर धडधडू लागली आणि ताईचा गळा मोकळा झाला. "मामा! इकडे बघा!" चाळीस माना वर झाल्या. "पहिल्या दिवशी तुम्ही माझे दोन्ही हात धरून दोन बटणांवर ठेवले होते! म्हणाला होतात, पोरी, हात बाहेर असले तरच संध्याकाळी घरी पोळी लाटशील! माझी बोटं तुमच्यामुळे शाबूत आहेत! मग तुमची का पणाला लावता?"

मध्येच साहेबांनी मोटर बंद केली. तिच्या लक्षातही आलं नाही. त्या शांततेत ती तशीच ओरडून बोलत राहिली. आणि मित्रांनो, खरं सांगतो, तिचे गुडघे शेवटपर्यंत थरथरत होते. थरथरत होते आणि ती बोलत होती. मला तिचा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

मामा मशीनपाशी गेले आणि नखाने टेप सोलायला लागले. घट्ट बसली होती, वेळ लागला. पाठोपाठ बाकीच्या दोघांनीही आपापली काढली.

ही कालची गोष्ट. आज दुपारी मामा माझ्याजवळ आले. तीस वर्षांत ते कधी माझ्यावर चढले नव्हते. "माझ्या कामातच सगळं आलं," म्हणायचे. इकडेतिकडे बघून हळूच वर चढले. अरे देवा, काय ते गुडघे! ताईचे परवडले. तेवढ्यात ताई आली.

"उद्या मी बोलतो," मामा म्हणाले. "माझं चुकलं, ते मीच सांगायला हवं. पण तू ती मोटर चालू ठेवशील ना गं?"

मित्रांनो, माझं वय झालंय. मधली फळी तडकलीय, कोपऱ्यातला खिळा वर आलाय. एरवी मी तक्रार केली नसती. पण कुणीतरी हातोडी घ्या आणि आजच्या आज मला नीट ठोका. उद्या सकाळी मामा उभे राहणार आहेत.