चंदन लावलेले डोळे

आईच्या मैलापूरच्या घरात मी तीन डोळे बसवले होते. दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात आणि न्हाणीघराच्या वाटेवर. सुपारीपेक्षा थोडे मोठे. कुणी हललं की त्यांना कळतं, आणि बराच वेळ कुणीच हललं नाही तर ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, तांबरमला माझ्या आणि धाकट्या भावाच्या फोनवर सांगतात. टाकीतही एक यंत्र आहे. पाणी उतरलं की ते कुणाला न विचारता मोटर चालू करतं. याला इंटरनेट ऑफ थिंग्ज म्हणतात, हे मी व्हिडिओ बघत, दोन यंत्रं जाळत शिकले.

"वस्तू आपापसात बोलतात," मी आईला सांगितलं होतं. "एकीला कळतं, ती दुसरीला कळवते, तिसरी काम करते."

"तुझ्या आत्यांसारखंच," आई म्हणाली. "फक्त काम करणारी तिसरी नव्हती."

त्या धाकट्या भावाला, गिरिधरला, हे पटलं नव्हतं. "अक्का, एकदा जरी घोळ झाला, तर आईला मी माझ्याकडे अंबत्तूरला नेणार." आणि आईला तर लग्न होऊन आली त्याच घरात राहायचं होतं.

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी आम्हा दोघांच्या फोनवर निरोप आला: सकाळपासून घरात हालचाल नाही. मी आईला फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. शेजारचे सणाला गावी गेलेले. गिरिधर मोटरसायकलवर निघाला, मी लोकल आणि पुढे रिक्षा. वाटेत मैलापुरातल्या जेवढ्या देवांची नावं आठवली, त्या सगळ्यांना नारळ कबूल केला.

जिन्यातच आमची गाठ पडली. दार आईनेच उघडलं, हातात झारा.

"दोघं एकदम? नैवेद्याचं हरभऱ्याचं सुंडल परतायचंय अजून."

गिरिधर पायरीवरच बसला. मी आत गेले. मिक्सर, शिलाई मशीन, कात्री, विळी, सगळ्यांना चंदन-कुंकू. भिंतीवरच्या तिन्ही डोळ्यांवर तर चंदनाचा जाड लेप आणि मधोमध कुंकू. बिचाऱ्यांना काय दिसणार? आईचा फोन सरस्वतीपुढे, पुस्तकांवर.

"फोन का नाही घेतलास?"

"पूजेत ठेवलेलं आयुध उद्यापर्यंत उचलतात का कुणी?"

"आणि यांना कशाला गंध?"

"वर्षभर माझ्यावर लक्ष ठेवतात गं. पगार नाही, रजा नाही. एक दिवस गंधसुद्धा नको?"

मी ती यंत्रं निवडली, भिंतीवर चढवली, त्यांच्या बॅटऱ्या बदलल्या. आभार मानायचं मला कधी सुचलं नव्हतं.

गिरिधर दारात उभा होता. "झाला ना घोळ. उद्या सामान बांध, आई."

आईने गॅस बारीक केला. "बांधते. एक सांग मला. तू आणि सूनबाई ऑफिसात. तुझ्या घरी मी सकाळपासून हलले नाही, तर कधी कळेल?"

गिरिधरने बोटांवर तास मोजले. मग हळूच म्हणाला, "संध्याकाळी."

"इथे दुपारच्या आत दोघं दारात."

गिरिधरने खुंटीवरचं फडकं ओलं केलं आणि भिंतीवरचा डोळा पुसायला हात वर केला.

"उद्या," आई म्हणाली. "दसऱ्याची पुनर्पूजा झाल्यावर."

"तोवर लक्ष कोण ठेवणार?"

"तुम्ही आहात की. पानं घ्या."

गिरिधरने बूट काढले आणि बायकोला फोन लावला. "मी उद्या येतो गं," तो म्हणाला. "नाही, एकटाच."