गेलेल्यांचं टपाल

रांग पार सभागृहाच्या पायऱ्यांपर्यंत आली होती. आत टपालमहाराज मेलेल्या माणसांचे निरोप सांगत होते, आणि निरोप इतके नेमके की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. कुणाच्या आईचा दुखरा गुडघा, कुणाच्या भावाचं अर्धवट राहिलेलं घर, सगळं त्यांना ठाऊक. "वरचं टपाल उशिरा येतं, पण पत्ता चुकत नाही," असं ते म्हणत आणि माणसं डोळे पुसत माना डोलवत.

रांगेत सिस्टरही होती. शेवटच्या आजारातल्या माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करायची आणि माणूस गेल्यावरही काही महिने घरच्यांची विचारपूस करायची, हे तिचं काम. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचं शेवटपर्यंत तिनेच केलं होतं. मागच्या आठवड्यात ती काकूंकडे गेली, तर त्यांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता.

"हे तहानलेले गेले गं. महाराजांना सांगितलंय त्यांनी, 'हिने मला पाणी दिलं नाही.' बंद खोलीतलं त्यांना कसं कळलं, सांग."

सिस्टर चपापली. काकांना गिळता येत नव्हतं, घोट श्वासनळीत गेला असता, म्हणून पाणी पाजू नका असं तिनेच सांगितलं होतं.

"तिथे कुणाजवळ बोललात का हे?"

"महाराजांशी चकार शब्द नाही. रांगेत एक बिचारी भेटली, मुलगी गेलेली. दोघी रडलो, एवढंच."

म्हणून आज सिस्टर बरोबर आली. काकूंना आत खुर्चीवर बसवून ती मुद्दाम मागे थांबली. काकूंनी रांगेतच खुणेने दाखवलेली ती बिचारी आजही आली होती. आज मात्र, ती सांगत होती, तिचा नवरा गेला होता.

"तुमचं कोण गेलं हो?" तिने रुमाल डोळ्यांना लावत विचारलं.

"घड्याळवाले काका. आत काकू बसल्यात ना, त्यांचे यजमान. शेवटपर्यंत पोपटाला हाका मारत होते हो."

बिचारीने हुंदका दिला आणि पाणी पिऊन येते म्हणत बाजूच्या दाराने आत गेली.

थोड्या वेळाने महाराजांनी डोळे मिटले. "घड्याळवाले आलेत. विचारतात, माझा पोपट कसा आहे?"

"कुठला पोपट?" काकू म्हणाल्या.

"हिरवा."

"आमच्याकडे पोपट कधीच नव्हता. ह्यांना पिसांनी शिंका यायच्या."

"मागच्या जन्मीचा असेल," महाराज म्हणाले. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

सिस्टरने उभं राहून घडलं ते सांगितलं, पोपट आपणच रचून त्या बिचारीला सांगितला होता हेही. "मला तर म्हणाली, आई गेली," एकजण म्हणाला. "मला भाऊ," दुसरी म्हणाली. बाजूचं दार उघडंच होतं, बिचारी केव्हाच पसार झाली होती.

पायऱ्या उतरताना काकू म्हणाल्या, "म्हणजे ह्यांनी काहीच निरोप दिला नाही."

"नाही काकू. मी पाहिलं तेवढं सांगते. जाताना शरीराची तहान मंदावते. तोंड कोरडं पडतं, ते तुम्ही ओल्या कापसाने सारखं भिजवत होतात. श्वास शांत होता त्यांचा."

"कापूस दातांत धरून ठेवायचे. सोडायचेच नाहीत. मी हसले होते गं एकदा." आणि काकू तिथेच पायरीवर बसून रडल्या, पहिल्यांदाच मोकळ्या. सिस्टर शेजारी बसून राहिली.

दुःखी माणसाला बोलावंसं वाटतं. त्याचंच बोलणं चोरून त्याला निरोप म्हणून ऐकवणारे महाराज गावोगावी आहेत. जरूर बोला, पण जो नुसता ऐकतो त्याच्यापाशी. आणि कुणी तुमच्या घरातलं गुपित ओळखलं, तर हात जोडण्याआधी आठवून पाहा, आपण ते कुणाला सांगितलं होतं.